लाकडाचं भिजत घोंगडं



रक्तदाब मोजताना मी रुग्णांना एक प्रश्न हमखास विचारतो, "दिवसभर काय करता?" निवृत्त माणसांचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. सकाळी फिरणं, मग पेपर, जेवण, दुपारची झोप आणि संध्याकाळी टीव्ही. काही महिन्यांपूर्वी परभणीतल्याच एका निवृत्त गुरुजींनी मात्र वेगळंच उत्तर दिलं. म्हणाले, "साहेब, मी पाळण्याचा विचार करतो."

गुरुजींचं वय ६६. तक्रार होती झोप न लागण्याची. पाळण्याचा आणि झोपेचा काय संबंध, ते मला कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. नात झाली तेव्हा त्यांनी हौसेनं सागाच्या फळ्या आणल्या होत्या. पाळणा स्वतःच्या हातानं करायचा होता. पण तो आढ्याला टांगायचा की खाली डोलणारा? बाजेसारखा विणलेला की फळीचा? पॉलिश करायचं की रंग द्यायचा? त्यांनी दोन सुतारांना विचारलं, यूट्यूबवर कितीतरी व्हिडिओ पाहिले, वहीत सात आराखडे काढले.

"नात आता केवढी झाली?" मी विचारलं.

"तिसरीत आहे."

आम्ही दोघंही हसलो. मग ते जरा गप्प झाले आणि म्हणाले, "फळ्या कपाटामागं आहेत. रोज रात्री दिवा घालवला की आठवतात."

(गुरुजींच्या परवानगीनंच हे लिहीत आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तुमच्याही घरात असं काहीतरी असेल. गोधडीसाठी गाठोड्यात जमवलेली जुनी लुगडी, कापायची हिंमत होत नाही म्हणून तसाच ठेवलेला भारी कपडा, क्रोशाचे दोरे, कोरा कॅनव्हास. माझ्या टेबलाच्या खणात जलरंगांची डबी तीन वर्षं न उघडता पडली होती. कारण काय, तर पहिला कागद खराब होईल! आपल्या भाषेत याला भिजत घोंगडं म्हणतात. वापरताही येत नाही आणि वाळतही नाही.

अशा माणसाला घरचे आळशी म्हणतात. माझं मत वेगळं आहे. आळशी माणूस सात आराखडे काढत नाही. अशी माणसं बहुतेक वेळा फार जीव लावणारी असतात. त्यांची चूक एकच होते. जे उत्तर लाकडाला हात लावल्यावर मिळतं, ते विचार करून मिळेल असं त्यांना वाटतं.

डोक्यात नेमकं काय अडतं?

आपल्याला वाटतं की निर्णय म्हणजे हिशेब. फायदे एकीकडे, तोटे दुसरीकडे, आणि जे पारडं जड ते करायचं. पण मेंदू असा चालत नाही. अँटोनियो डमासिओ या मेंदूतज्ज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एका रुग्णाची हकिकत सांगितली आहे. गाठ काढताना त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धी शाबूत, स्मरणशक्ती चांगली, बोलणंही नीट. पण भावना बोथट झाल्या होत्या आणि साधे साधे निर्णय घेताना तो तासन्‌तास अडकायचा. एखाद्या गोष्टीचे सगळे बरेवाईट मुद्दे त्याला सांगता येत, पण त्यातलं एक निवडता येत नसे.

यातून एक गोष्ट लक्षात येते. हिशेब कितीही केला तरी शेवटचा कौल आतून यावा लागतो. आणि हा कौल अनुभवातून तयार होतो. भाकरी थापणाऱ्या बाईला पिठात पाणी किती हे मोजावं लागत नाही, हाताला कळतं. ज्यानं सागावर कधी रंधाच मारला नाही, त्याच्या हाताकडे कौल देण्यासारखं काही नसतं. मग डोकं तेच ते मुद्दे फिरवत बसतं. आठवा व्हिडिओ पाहून हा कौल येत नाही. उलट आणखी एक पर्याय वाढतो.

पर्याय वाढले की काय होतं, यावर अमेरिकेत एक गाजलेला प्रयोग झाला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. एका दुकानात चाखण्यासाठी कधी २४ प्रकारचे जॅम मांडले, कधी फक्त ६. २४ प्रकार पाहायला गर्दी जास्त जमली, पण चाखायला थांबलेल्या शंभरातल्या साधारण तिघांनीच जॅम विकत घेतला. ६ प्रकार होते तेव्हा शंभरातल्या ३० जणांनी घेतला. पुढच्या प्रयोगांत दर वेळी इतका फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण विषय नवखा असेल आणि आपल्याला काय हवं ते आधी ठरलेलं नसेल, तर जास्त पर्यायांनी माणूस गोंधळतो, हे दवाखान्यात मी रोज पाहतो.

तिसरी गोष्ट भीतीची. मिळवल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख माणसाला जास्त टोचतं. फळी चुकीची कापली तर नुकसान डोळ्यांसमोर दिसतं. फळी कापलीच नाही तर नुकसान दिसत नाही. ते होतच असतं, फक्त हळूहळू. गुरुजींची एकही फळी वाया गेली नाही. पाळण्याचं वय मात्र निघून गेलं.

पेरणीच्या तोंडावरचा सुतार

आपल्याकडच्या गावांत पूर्वी सुतार हा बलुतेदार होता. तिफण, वखर, नांगर, बैलगाडी अशी सगळी शेतीची लाकडी अवजारं त्याच्या हातची. लाकूड बहुतेक बाभळीचं, कारण ते चिवट आणि गावातच मिळणारं. मृग बरसला, काळ्या रानात वाफसा आला आणि ऐन वेळी तिफणीचं फण मोडलं, की शेतकरी सुताराच्या दारात येऊन उभा. ओल उडून जाण्याआधी तिफण रानात जायला हवी. अशा वेळी सुतार 'बघतो, विचार करतो' म्हणून बसू शकत नव्हता.

त्याला निर्णय सोपा जायचा, तो काही त्याचा स्वभाव वेगळा होता म्हणून नाही. लाकूड होतं तेच, काम ठरलेलं आणि वेळ आजचीच. या तीन गोष्टींनी त्याचे नव्वद टक्के निर्णय आधीच घेऊन टाकलेले असत. आपल्या हौसेच्या कामाला यातलं एकही बंधन नसतं. लाकूड हवं ते मिळतं, वेळ कितीही घ्या, वस्तू कोणतीही करा. स्वातंत्र्य वाटतं खरं, पण घोडं तिथंच अडतं. म्हणून हौसेच्या कामाला बंधन आपणच घालून घ्यावं लागतं.

डॉक्टर तरी कसे ठरवतात?

तुम्ही ताप घेऊन आमच्याकडे येता. पहिल्या दिवशी ताप कशाचा, हे अनेकदा आम्हालाही खात्रीनं सांगता येत नाही. मग सगळ्या तपासण्या होईपर्यंत आम्ही हात बांधून बसतो का? नाही. मनातल्या मनात तीन प्रश्न विचारतो. धोक्याचं काही निसटत तर नाही ना? देतो ते औषध नंतर थांबवता किंवा बदलता येईल ना? आणि पुन्हा कधी बघायचं? म्हणून चिठ्ठीवर लिहितो, 'तीन दिवसांनी दाखवणे.'

हेच तीन प्रश्न तुमच्या लाकडाला, कापडाला, रंगाला लावून बघा.

फळी जास्त लांब ठेवून कापली तर पुन्हा कापता येते, आखूड झाली तर वाढवता येत नाही. स्क्रू काढता येतो, फेव्हिकॉल लावून शिकंज्यात आवळलेला सांधा सहसा सुटत नाही. पॉलिश पुन्हा घासता येतं. ब्लाऊजची शिलाई उसवता येते, कापलेला गळा मोठा झाला तर झाला. म्हणजे एका वस्तूत शंभर निर्णय असले तरी मागे न फिरता येणारे चार-पाचच असतात. सावधगिरी त्या चार-पाचांसाठी राखून ठेवा. तिथं थांबा, पुन्हा मोजा, गुण्या लावून बघा, हवं तर कुणाला तरी दाखवा. बाकीच्या पंच्याण्णव निर्णयांवर झोप घालवू नका.

एकदा निर्णय घेतला की मागचं दारही बंद करा. हार्वर्ड विद्यापीठात फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी एक प्रयोग केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एकच त्यांना ठेवता येणार होता. काहींना सांगितलं, नंतर बदलता येईल. काहींना सांगितलं, आता ठरवलं ते कायम. ज्यांना बदलायची मुभा होती ते आपल्या फोटोवर कमी खूश होते. मन निवड पक्की झाली की तिच्याशी जुळवून घेतं. दार उघडं असेल तर ते उंबऱ्यातच घोटाळत राहतं.

माझी चिठ्ठी

पहिलं, पाटापासून सुरुवात करा. पाळणा, देव्हारा, चौरंग हे सगळं नंतर. साधा जेवायला बसायचा पाट म्हणजे एक फळी आणि तिच्याखाली दोन आडव्या पट्ट्या. उरल्यासुरल्या लाकडातून एका रविवारी होतो. एवढ्याशा कामातही लाकूड तुम्हाला बरंच शिकवतं. उदाहरणार्थ, पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खालच्या पट्ट्या पूर्ण चिकटवून टाकल्या तर फळी तडकू शकते. म्हणून स्क्रू वापरायचे आणि पट्टीतली भोकं किंचित सैल ठेवायची. हे वाचून अर्धं कळतं, करून पूर्ण कळतं.

दुसरं, आधी रद्दी तुकडा. काही औषधं देताना आम्ही आधी थोडी मात्रा देऊन बघतो. तसं पॉलिश, रंग, सांधा, टाका, जे काही नवं असेल ते आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा. साग महाग आहे, म्हणूनच पहिला काप सागावर नको. गोधडी करायची असेल तर आधी हातभर तुकडा शिवा.

तिसरं, पर्याय दोनच ठेवा आणि तारीख लावा. 'येत्या रविवारी सकाळी १० वाजता यातलं एक' असं कॅलेंडरवर लिहा. तेव्हाही ठरत नसेल तर सरळ नाणं उडवा. मी थट्टा करत नाही. दोन्ही पर्याय खरोखर सारखेच असतील तर कोणताही घेतला तरी फारसं बिघडत नाही. आणि नाणं पडल्यावर मन खट्टू झालं, तर तुम्हाला दुसरं हवं होतं हे तुम्हालाच कळतं!

चौथं, वस्तू कुणासाठी हे आधी लिहा. वापरणारा माणूस डोळ्यांसमोर आला की अर्धी मापं आपोआप ठरतात. पाट सासूबाईंसाठी असेल तर त्यांच्या गुडघ्यांना विचारा, किती उंच हवा.

पाचवं, 'पुरेसं चांगलं' म्हणजे काय ते सुरू करण्याआधी ठरवा. 'डगमगत नाही, टोचत नाही, वजन पेलतं.' बस. हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात मांडलं की माणूस सर्वोत्तम शोधत बसण्यापेक्षा पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो, आणि मर्यादित वेळात व मर्यादित माहितीत तेच शहाणपणाचं असतं. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याला पाटासाठी नोबेल नको आहे, पाट हवा आहे.

सोप्यातून अवघडाकडे जाण्याची ही रीत वैद्यकशास्त्रानं कधीच ओळखली आहे. हातकामाचा उपचारात वापर करणाऱ्या शाखेला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. जन्मानं अमेरिकन आणि लग्नानंतर आपल्याकडच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. रुग्णाला झेपेल एवढंच काम द्यायचं, ते जमलं की पायरी वाढवायची, हे या उपचारातलं मुख्य सूत्र आहे. हात लुळा पडलेल्या माणसाला ही रीत चालते, तर धीर लुळा पडलेल्याला का चालू नये?

"पण घाई केली तर लाकूड वाया जाईल"

हो, थोडं जाईल. ती शिकवणीची फी समजा. पण एक फरक ध्यानात ठेवा. ज्याचं पोट सुतारकामावर किंवा शिवणकामावर आहे, त्याची चूक त्याच्या मजुरीतून वजा होते. तो चारदा मोजतो ती धरसोड नव्हे, ती जबाबदारी आहे. मी बोलतो आहे ते हौसेनं करणाऱ्यांबद्दल. आपल्याला चुकण्याची चैन परवडते, आणि नेमकी तीच आपण करत नाही.

दुसऱ्या टोकाची माणसंही असतात. रोज नवं काम सुरू, जुनं अर्धवट. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्यांना माझा सल्ला उलटा आहे. हातातलं एक पुरं होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.

स्वभाव कुठवर आणि आजार कुठून?

हा भाग मात्र नीट वाचा.

फक्त हौसेच्या कामात धरसोड होत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर तो आजार नाही. पण आज भाजी कोणती करायची, कोणती साडी नेसायची, हेही ठरवता येईनासं झालं असेल तर थांबून विचार करा. निर्णय न घेता येणं हे नैराश्याच्या मान्य लक्षणांपैकी एक आहे. त्यासोबत दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास असणं, कशातच रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, सतत थकवा किंवा जगण्याचा कंटाळा येणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड कमी असेल तरीही डोकं मंद झाल्यासारखं वाटतं. ते साध्या रक्ततपासणीत कळतं.

मोजलेलं माप बरोबर आहे हे कळत असूनही पुन्हा पुन्हा मोजावंच लागतं, नाही मोजलं तर जीव घाबरा होतो आणि त्यात तास जातात, असं असेल तर तो मंत्रचळ असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. आणि आयुष्यभर सराईतपणे केलेल्या कामाचा क्रमच एखाद्या वयस्कर माणसाला आठवेनासा झाला, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. स्मृतीची तपासणी करून घ्या.

अशा माणसाला 'मनाचा हिय्या कर, उठ, काम कर' असं सांगू नका. मोडलेल्या पायावर पळ म्हणण्यासारखं आहे ते. मनाच्या त्रासासाठी सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठीतूनही बोलता येतं.

करवत हातात घेण्याआधी

लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना आणि नाकाला वाईट. सागाच्या धुळीनं काहींना अंगावर खाज किंवा दम्यासारखा त्रास होतो. वर्षानुवर्षं लाकडाच्या धुळीत काम करणाऱ्यांना नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून पॉलिश पेपर मारताना मास्क लावा, डोळ्यांना चष्मा लावा आणि काम शक्यतो उघड्यावर करा. मधुमेह असेल तर पायात बूट हवेतच, पायात खिळा गेलेलाही कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या कापातूनही रक्त जास्त वाहतं, आधी डॉक्टरांशी बोला. गुंगी येणारी गोळी घेतली असेल त्या दिवशी मशिनला हात नको. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही आठवून बघा.

गुरुजींचं पुढे काय झालं?

त्यांना मी झोपेची गोळी दिली नाही. चिठ्ठीवर रक्तदाबाच्या गोळीखाली लिहिलं, 'एक पाट. पंधरा दिवसांनी दाखवणे.' पंधरा दिवसांनी ते पिशवीत पाट घालूनच आले. खालची एक पट्टी तिरकी बसली होती. काकूंनी तो पाट देवापुढे मांडला आहे.

मग त्यांनी कपाटामागच्या फळ्या काढल्या. पाळणा नाही. नातीला समोर मांडी घालून बसवलं, तिच्या कोपरापर्यंतची उंची मोजली आणि त्या मापाचं अभ्यासाचं बुटकं मेज केलं. एक पाय दोन सूत आखूड झाला. त्याखाली चपलेच्या रबराचा तुकडा चिकटवला आहे. नात त्यावर पाढे लिहिते आणि मैत्रिणींना तो रबराचा तुकडा मुद्दाम दाखवते.

त्यांचा निद्रानाश पळाला असं मी म्हणणार नाही. रक्तदाबाची गोळी चालूच आहे. झोप मात्र आधीपेक्षा बरी लागते, असं ते म्हणतात. कपाटामागं आता एकच फळी उरली आहे. तिचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण तारीख लावली आहे.

तुमच्या कपाटामागं काय आहे? या रविवारी ते बाहेर काढा. ज्याच्यासाठी आणलं होतं त्याचं वय आता काय, तेवढं फक्त आठवा. मग एक छोटा, रद्दी तुकडा घ्या आणि त्यावर पहिली रेघ ओढा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या. पाटाचा मात्र तुमचा तुम्ही घ्या.)